प्रश्न वाचकांचे : पाणमांजराची मिशी आणि बोकडाची नळी

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँड इकडच्या जुन्या वीरकथांवर सोलापुरातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न जोडून टाकले. काहींना दोन-चार ओळींतच उत्तर दिलं आहे, कारण तेवढ्यात भागतं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये आठवीची मुलं सिगुर्द आणि फाफनिर यांची गोष्ट करणार आहेत. पंधरा मिनिटं मिळतील. ड्रॅगनला पंख लावायचे का? आग ओकताना दाखवायचा का? आणि प्रसंगांचा नेमका क्रम काय?
— शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : पंख नकोत, आगही नको. जुन्या नॉर्स भाषेत फाफनिरला ‘ओर्म’ म्हटलंय, म्हणजे सरपटणारा साप. पाण्यावर जाताना तो वाटेवर विष फुंकत जातो. मुळात हा माणूसच. बापाला मारून सोनं बळकावलं, त्यावर वेटोळं घालून बसला आणि साप होऊन गेला. गुप्तधनावर नाग बसतो असं आपल्याकडे म्हणतात, तोच प्रकार. मुलांना ‘ड्रॅगन’ हा शब्द दिलात तर ती हात पसरून उडायला लागतील. ‘धनावरचा नाग’ म्हणा, चाल आपोआप जमिनीलगत येईल.

चार प्रसंग करा. पहिला लोहाराच्या भट्टीचा, तीन मिनिटांचा. रेगिन हा लोहार, फाफनिरचा सख्खा भाऊ. तो सिगुर्दला तलवार घडवून देतो, सिगुर्द ती ऐरणीवर हाणतो, तलवार मोडते. दुसरीचंही तेच. मग सिगुर्द आईकडून बापाच्या मोडक्या तलवारीचे तुकडे आणतो. त्यातून जी तलवार होते ती ‘ग्राम’. तिच्या घावाने ऐरणच बुडापर्यंत दुभंगते. दुसरी परीक्षा नदीत: वरच्या अंगाला लोकरीचा पुंजका सोडायचा, प्रवाहात पातं उभं धरायचं, पुंजका वाहत येऊन आपसूक चिरला गेला पाहिजे. पहिल्या परीक्षेत ताकद दिसते, दुसरीत धार. दोन्ही ठेवा.

ऐरण थर्माकोलची, उभी दोन भागांत कापलेली, काळी रंगवलेली. चुंबकावर चिकटवून ठेवलीत तर घाव बसण्याआधीच उघडते आणि प्रेक्षक हसतात. त्यापेक्षा दोन्ही भाग दोऱ्याने बांधा, गाठ सैल सरकती ठेवा आणि दोऱ्याचं टोक भाता ओढणाऱ्या मुलाच्या हातात द्या. तलवार टेकली की त्याने ओढायचं. लोकरीचा पुंजकाही आधीच दोन तुकड्यांचा करून एका कच्च्या धाग्यात गुंतवून ठेवा. नदीला निळी साडी पुरते.

दुसरा प्रसंग खड्ड्याचा, चार मिनिटं. रेगिन सांगतो, नागाच्या पाण्याच्या वाटेवर एक खड्डा खण आणि आत बस. तेवढ्यात एक म्हातारा येतो आणि म्हणतो, एक नको, बरेच खण. तो ओदिन, देवांचा राजा. कारण साधं आहे: एकच खड्डा असला तर नागाचं रक्त त्यातच भरेल आणि आत बसलेला बुडून मरेल. जास्तीचे खड्डे रक्त वाहून जायला. पुष्कळ जण हा म्हातारा वेळ वाचवायला कापतात. तो कापला की रेगिनचा कावा कळत नाही आणि शेवटी सिगुर्द त्याला का मारतो हे अधांतरी राहतं. रंगमंचावर खड्डा म्हणजे दोन बाकांमधली दोन फुटांची फट, समोरून चटई लावलेली. घाव खालून वर, डाव्या खांद्याखाली.

नागासाठी चादर वापरायचा मोह सोलापुरात कुणालाही होईल. खुशाल वापरा, पण पूर्ण अंग चादरीचं करू नका. आपली चादर जड असते, आत पाच मुलं पाच मिनिटांत घामाघूम होतात आणि मधला भाग मागे पडून नाग तुटतो. अंग जुन्या सुती बेडशीटचं शिवा आणि चादरीचे पट्टे फक्त पाठीवर टाका. आतल्या मुलांनी पुढच्याची कंबर धरायची नाही, आतून एक लांब दोर सगळ्यांनी डाव्या हातात धरायचा.

तिसरा प्रसंग मरणाऱ्या नागाच्या बोलण्याचा, तीन मिनिटं. फाफनिर विचारतो, तू कोण, कुणाचा? सिगुर्द आधी नाव लपवतो, कारण मरणाऱ्याने नाव घेऊन दिलेला शाप लागतो अशी समजूत. मग न राहवून सांगतो. हे दोन मुलांत बसून तालमीत चांगलं बसवा, नाटकातला सगळ्यात जिवंत तुकडा हाच आहे.

चौथा, पुन्हा चार मिनिटं: रेगिन म्हणतो, त्याचं काळीज मला भाजून दे. फेस यायला लागतो तसा सिगुर्द शिजलंय का ते बोटाने दाबून बघतो, चटका बसतो, बोट तोंडात जातं आणि पाखरांची भाषा कळायला लागते. पाखरं बोलत असतात की रेगिन दगा देणार. सिगुर्द त्याचं मुंडकं उडवतो आणि सोन्याच्या पेट्या ग्रानी घोड्यावर लादतो. घोडा मात्र लगाम ओढून हलत नाही. सिगुर्द वर बसतो तेव्हाच चालायला लागतो. पडदा तिथे टाका.

वेशभूषेसाठी सिनेमा बघू नका. स्वीडनमध्ये एस्किल्स्तुनाजवळ रामसुंदच्या कातळावर साधारण १०३० सालचं कोरीवकाम आहे, पावणेपाच मीटर लांब. खालून तलवार खुपसणारा सिगुर्द, तोंडात अंगठा, झाडाला बांधलेला ग्रानी, फांदीवर पाखरं आणि भाता-हातोड्याच्या पसाऱ्यात मुंडकं तुटलेला रेगिन, सगळं एकाच चित्रात. नॉर्वेतल्या ह्यूलेस्तादच्या लाकडी चर्चच्या, साधारण १२०० सालच्या दारावर भट्टीचे प्रसंग आणखी स्पष्ट आहेत. ते दार आता ओस्लोच्या संग्रहालयात आहे.

प्रश्न : त्याच नाटकासाठी शिंगांची शिरस्त्राणं भाड्याने मिळताहेत. घ्यावीत का?
— पालक, विजापूर रोड

उत्तर : नको, पैसे वाचवा. व्हायकिंगांच्या, म्हणजे तिकडच्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांच्या, डोक्यावर शिंगं चढवली ती नाटकवाल्यांनीच: १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वागनरच्या संगीतनाटकासाठी कार्ल एमिल डप्लर या चित्रकाराने पोशाख केले, तिथून हे चित्र जगभर गेलं. डेन्मार्कच्या वेक्से गावात शिंगांची दोन शिरस्त्राणं खरोखर सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या दीड हजारावर वर्षं आधीची. नॉर्वेत येर्मुन्दबू इथे १९४३ साली सापडलेलं लोखंडी शिरस्त्राण बघा: गोल टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. पुठ्ठा आणि चंदेरी रंगात अर्ध्या तासात होतं.

प्रश्न : एकाच गोष्टीची इतकी रूपं का? खरी कोणती?
— एम.ए.चा विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : सिगुर्दच्या बाबतीत एक कारण अगदी हातात धरण्याजोगं आहे: पानं गहाळ आहेत. जुनी वीरगीतं ज्या हस्तलिखितात एकत्र मिळतात ते ‘कोदेक्स रेगियस’ साधारण १२७०च्या दशकात आइसलँडमध्ये लिहिलं गेलं. १६४३ साली ते ब्रिन्यूल्फुर स्वेन्सन या बिशपच्या हाती आलं, १६६२ साली त्याने ते डेन्मार्कच्या राजाला भेट दिलं. आज त्याची ४५ पानं शिल्लक आहेत आणि आठ गेली आहेत. गेली ती नेमकी सिगुर्द आणि त्याची प्रिया ब्रिनहिल्द यांच्या गोष्टीच्या मधोमध. सगळं रामायण मिळावं आणि सुंदरकांड वाळवीने खावं, तसं.

ती फट आपण ‘व्होल्सुंगा सागा’ या तेराव्या शतकातल्या गद्य ग्रंथावरून भरतो, कारण त्याच्या लेखकापुढे ही गीतं होती. तिसरा आधार स्नोरी स्तुर्लुसोन. हा आइसलँडचा राजकारणी आणि कवी, ११७९ ते १२४१. कवींना जुन्या उपमा कळेनाशा झाल्या म्हणून त्याने त्यांच्यामागच्या गोष्टी लिहून ठेवल्या. तिघांत फरक पडतो. पण जे तिन्हींत आहे ते पक्कं धरायचं, एकात आहे ते ‘अमुक ठिकाणी असं आहे’ म्हणून सांगायचं. ‘खरी’ शोधू नका. पांडवप्रतापातली खरी का व्यासांची, असं कुणी विचारतं का?

हस्तलिखित २१ एप्रिल १९७१ ला आइसलँडला परत आलं. विमानाने नाही, डॅनिश नौदलाच्या जहाजातून. बंदरावर गर्दी लोटली होती.

प्रश्न : सोन्याला तिकडे ‘पाणमांजराचा दंड’ म्हणतात असं वाचलं. हे काय प्रकरण?
— एक सराफ

उत्तर : ह्रेइदमारला तीन मुलगे: फाफनिर, रेगिन आणि ओत्र. ओत्र म्हणजेच पाणमांजर. हा दिवसा पाणमांजराच्या रूपात धबधब्याखाली मासे मारायचा. ओदिन, हेनिर आणि लोकी हे तीन देव तिथून जात होते. ओत्र सामन मासा खात, डोळे मिटून बसलेला. लोकीने एक दगड मारला. मांजर आणि मासा, दोन्ही एका दगडात. कातडं घेऊन मुक्कामाला गेले ते नेमके ह्रेइदमारच्या घरी.

दंडाचं माप तुमच्या धंद्यातल्या माणसाला आवडेल. वजन नाही, तोळा-मासा नाही. कातडं आतून सोन्याने गच्च भरायचं, उभं करायचं आणि बाहेरून इतकं झाकायचं की एक केसही दिसता कामा नये. लोकीने समुद्रदेवी रानचं जाळं उसनं घेतलं, पाइक माशाच्या रूपात लपलेल्या आन्दवारी या बुटक्याला पकडलं आणि त्याचं सगळं सोनं काढून घेतलं. बुटक्याने एक अंगठी मुठीत दाबली. तीही हिसकावली, तेव्हा त्याने शाप दिला: ज्याच्याकडे ही जाईल त्याचा घात होईल. ओदिनला अंगठी आवडली, त्याने ती ठेवून घेतली. ढीग रचून झाला. ह्रेइदमार वाकून बघतो, तर एक मिशी उघडी. ओदिनला अंगठी काढून त्या मिशीवर ठेवावी लागली.

पुढचं सगळं त्या एका मिशीने झालं. अंगठी ओदिनच्या बोटात राहिली असती तर शाप देवांकडेच राहिला असता. ती घरात आली, मुलांनी बापाला मारलं, फाफनिर नाग झाला, मग रेगिन, मग सिगुर्द. या कथांत घोटाळा बहुधा मापात होतो, आणि होतो तो केसाएवढ्या मापात. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : आमचा पिढीजात मागाचा धंदा. युद्धाचं कापड विणणाऱ्या बायकांचं गाणं तिकडे आहे म्हणतात. त्या मागाचं वर्णन मिळेल का? एका भाषांतरात फणी आणि धोटा आहे, दुसऱ्यात नाही.
— साखर पेठ

उत्तर : गाण्याचं नाव ‘दार्रादारल्योद’. ते ‘न्याल्स सागा’ या आइसलँडच्या ग्रंथात शेवटाकडे येतं. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ क्लोनटार्फची लढाई झाली ती १०१४ साली, गुड फ्रायडेच्या दिवशी. त्याच सकाळी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेसमध्ये दोर्रुद नावाच्या माणसाने बारा स्वार एका झोपडीवजा घरात शिरताना पाहिले. झरोक्यातून डोकावला तर आत बायका माग लावून बसलेल्या. माग माणसांच्या शरीरांचा. ताणा-बाणा आतड्यांचा, खाली वजनाला मुंडकी, दांडे रक्ताने भिजलेल्या भाल्यांचे. विणताना त्या गात होत्या की कोण मरेल, कोण जगेल. कापड पुरं झालं तसं त्यांनी ते फाडलं, ज्याच्या-त्याच्या हातात आलेला तुकडा घेतला आणि सहा जणी दक्षिणेला, सहा उत्तरेला निघून गेल्या.

आता माग. तो तुमच्या हातमागासारखा आडवा नाही, खड्ड्यातला तर नाहीच. दोन उभे खांब भिंतीला तिरपे टेकवलेले, वर आडवा दांडा. ताण्याचे धागे त्या दांड्यावरून खाली सोडलेले आणि टोकांना दगडाची किंवा भाजलेल्या मातीची भोकाची वजनं बांधलेली, काही दीडशे ग्रॅमची, काही अर्ध्या किलोच्या वर. तुमच्याकडे ताण तुरीवर, म्हणजे मागाच्या आडव्या रुळावर, गुंडाळून मिळतो, तिथे ही वजनंच ताण देतात. म्हणून गाण्यात मुंडकी आहेत. शोभेला नाहीत, त्या जागी वजन लागतंच. वजनं कमीजास्त झाली की काही धागे सैल पडतात आणि कापडाला झोळ येतो.

माग तिरपा असल्यामुळे निम्मे धागे एका आडव्या काठीवरून पुढे येतात, निम्मे सरळ मागे लोंबतात. म्हणजे एक दम, बाणा घालायची फट, आपोआप उघडा. दुसऱ्यासाठी मागचे धागे फासांनी एका दांड्याला बांधलेले, तो दांडा पुढे ओढायचा. विणकाम वरून सुरू होऊन खाली येतं आणि बाणा ठोकायचा तो खालून वर. बाई उभी राहून विणते, रुंद कापड असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत.

फणी या मागाला नसतेच. ठोकायला तलवारीच्या आकाराची पट्टी असते: लाकडाची, लोखंडाची किंवा देवमाशाच्या हाडाची. म्हणून गाण्यात तिच्या जागी खरी तलवार आली. तुमच्या भाषांतरातली फणी चूक. धोट्याचंही तसंच. मूळ शब्द ‘ह्रेल’, आणि त्याच्या जागी धनुष्याचा बाण आहे. ह्रेल म्हणजे हाडाची टोकदार काडी, गुंतलेले धागे मोकळे करून बाणा सारखा बसवायला. बाणाचं टोक आणि काडीचं टोक, साम्य तिथे आहे. इकडून तिकडे धावणारा धोटा म्हटलं की चित्र सुंदर होतं, पण माग बदलतो.

हा माग काही फक्त पुराणात नाही. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या सामी बायका जाड लोकरी पांघरुणं अशाच मागावर विसाव्या शतकातही विणत होत्या. तीही एक चादरच म्हणायची.

प्रश्न : नातवंडांना झोपताना सांगायला मारामारी नसलेल्या एकदोन गोष्टी द्या. शिवाय तिकडे घरच्या भुताला खीर ठेवतात म्हणे, तिची कृती द्या.
— आजी, भवानी पेठ

उत्तर : पहिली बोकडांची. थोर हा मेघगर्जनेचा देव. त्याच्या गाडीला दोन बोकड. वाटेत एका शेतकऱ्याकडे मुक्काम पडला, तेव्हा त्याने तेच कापून रस्सा केला आणि घरच्यांना जेवायला बसवलं. अट एक: हाडं मोडायची नाहीत, चोखून झाली की कातड्यावर टाकायची. पोरगा थ्याल्फी. त्याला नळी मिळाली. आता मटणाची नळी हातात आल्यावर सोलापूरचं तरी कुठलं पोर ती न फोडता ठेवील? त्याने सुरीने चिरून आतला गर खाल्ला. पहाटे थोरने कातड्यांवर हातोडा फिरवला, दोन्ही बोकड उठून उभे राहिले, पण एक मागच्या पायाने लंगडायला लागला. थोरच्या भुवया खाली आल्या. शेतकरी गयावया करायला लागला. शेवटी थ्याल्फी आणि त्याची बहीण रोस्क्वा थोरच्या चाकरीला गेली. सांगताना ‘एक पाय लंगडा’ आधी सांगून टाकू नका, मुलांनाच विचारा की काय झालं असेल.

दुसरी निस्सेची. निस्से म्हणजे भूत नाही हो, घरचा राखणदार. लहान मुलाएवढा, करड्या लोकरीच्या कपड्यांतला, डोक्यावर लाल टोपी. राहतो गोठ्यात, गुरांना चारा घालतो, घोड्याची आयाळ विंचरतो. नाताळच्या रात्री त्याला वाडगाभर खीर ठेवायची, वर लोण्याचा गोळा हवाच. एका मोलकरणीने थट्टा म्हणून लोणी तळाला घातलं, वर खीर. निस्सेने वाडगा पाहिला, लोणी दिसेना. तडक गोठ्यात जाऊन त्याने सगळ्यात चांगली गाय मारून टाकली. भूक लागली म्हणून परत येऊन खीर खाल्ली तर तळाशी लोणी! फार वाईट वाटलं त्याला. मग रातोरात तशीच गाय दुसऱ्या गोठ्यातून आणून बांधली. दुसरीकडच्या मालकाचं काय झालं ते गोष्ट सांगत नाही, नातवंडं नक्की विचारतील.

कृती, चौघांसाठी: तांदूळ १७० ग्रॅम, पाणी ४०० मिली, दूध १ लिटर, मीठ अर्धा चमचा. तिकडे आखूड दाण्याचा चिकट तांदूळ घेतात. इथे इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चालेल, बासमती नको, तो मोकळा राहतो. जाड बुडाच्या पातेल्यात आधी फक्त पाण्यात तांदूळ शिजवा. पाणी आटेपर्यंत, दहाएक मिनिटं. मग दूध तीन-चार वेळा थोडंथोडं घालून अगदी मंद आचेवर पाऊण तास. दर चार मिनिटांनी उलथन्याने तळ खरवडून ढवळा. ही खीर बिघडते ती तळाला लागून, आणि लागते ती सगळं दूध एकदम ओतलं की: तांदूळ खाली बसतो आणि वर नुसतं दूध उकळत राहतं. मीठ शेवटी. साखर आत घालायची नाही, इथेच आपल्या खिरीशी फारकत. आपण म्हणू तर दुधातला घट्ट भात. वाढल्यावर मध्ये खळगा करून लोण्याचा गोळा, त्याला ‘लोण्याचा डोळा’ म्हणतात, आणि भोवती साखर आणि दालचिनीची पूड. नाताळात पातेल्यात एक सोललेला बदाम टाकतात. ज्याच्या ताटात येईल त्याला बदामाच्या मिठाईचं डुक्कर बक्षीस. तांदूळ तिकडे पिकत नाही, बाहेरून येई आणि महाग पडे, त्यामुळे जुन्या काळी रोजची पेज बार्लीची असायची आणि तांदूळ सणाचा.

प्रश्न : राग्नार लोद्ब्रोक खरा होऊन गेला का?
— अशोक चौक

उत्तर : नवव्या शतकातल्या एकाहून अधिक सरदारांच्या गोष्टी त्या एका नावावर चढल्या असाव्यात असं बहुतेक अभ्यासक धरतात. लोद्ब्रोक म्हणजे केसाळ विजार. विषारी सापाशी लढायला त्याने लोकरी कपडे डांबरात उकळले आणि वाळूत लोळवले, असं त्याच्यावरची सागा, म्हणजे जुनी गद्य वीरकथा, सांगते. साक्सो या डॅनिश इतिहासकाराच्या मते ओले करून थंडीत गोठवले. सागेतला आणखी एक बारकावा: लढाईआधी त्याने भाल्याच्या पात्याचा खिळा काढून ठेवला. पातं सापात राहिलं, दांडा हातात. नंतर साप मारल्याचा दावा करणारे पुष्कळ आले, पण दांडा जुळला तो याचाच.

प्रश्न : हॅम्लेटची मूळ कथा डेन्मार्कची आहे का? त्यात तो खरंच वेडा असतो का?
— बी.ए. इंग्रजीचा विद्यार्थी, शेळगी

उत्तर : डेन्मार्कचीच, यूटलंड या भागातली. साक्सोने साधारण १२०० साली लॅटिनमध्ये लिहिली, ग्रंथ छापला गेला १५१४ साली पॅरिसला. नायकाचं नाव आम्लेथ, बाप होर्वेन्दिल, त्याला मारणारा काका फेंग, आई गेरुथा. शेक्सपिअरच्या राजपुत्रापेक्षा हा बराच हिशेबी गडी. परीक्षेत दोघांची तुलना विचारली तर एवढं धरून ठेवा: आम्लेथ खोटं एकदाही बोलत नाही. तो खरंच बोलतो, फक्त ते कुणालाही वेड्याचं वाटेल अशा बेताने.

चुलीपाशी बसून तो लाकडाचे आकडे तासतो आणि टोकं विस्तवात कडक करतो. कुणी विचारलं तर सांगतो, बापाचा सूड घ्यायला भाले करतोय. सगळे हसतात. फेंग त्याला इंग्लंडला पाठवतो. बरोबरच्या दोघांकडे लाकडावर कोरलेला निरोप, याला मारून टाका. आम्लेथ ते झोपल्यावर अक्षरं खरवडतो आणि त्या दोघांनाच मारायचा हुकूम कोरतो, वर राजकन्या मागतो. दोघं फासावर गेल्यावर रागावल्याचं सोंग करून भरपाईचं सोनं घेतो, वितळवून दोन पोकळ काठ्यांत ओततो. वर्षाने परततो तो स्वतःच्याच तेराव्याच्या पंगतीत. लोक विचारतात, सोबतचे दोघं कुठे? काठ्या दाखवून म्हणतो, हे काय, दोघंही इथेच. माणसांच्या जिवाची किंमतच त्यात भरलेली असते, तेव्हा हेही खरंच.

मग सरदारांना पाजून आडवं करतो. दालनात आईने विणलेले पडदे लावलेले असतात. जाण्याआधी त्यानेच ते लावायला सांगितलेलं. ते ओढून झोपलेल्यांवर पाडतो, वर्षभरापूर्वीचे आकडे अडकवून सगळ्यांना आवळतो आणि आग लावतो. राहिला फेंग. सारखी तलवार उपसून आम्लेथ बोटं कापून घेत होता, म्हणून लोकांनी ती म्यानासकट खिळ्याने ठोकून टाकलेली. ती तो काकाच्या उशाशी टांगतो आणि काकाची घेतो. काका जागा होऊन उपसायला जातो, तर निघत नाही. आकडे, काठ्या, खिळा: तीन वस्तू उत्तरात लिहा, गुण तिथेच आहेत.

प्रश्न : ही नावं देवनागरीत कशी लिहावीत? कुठे ‘ओडिन’, कुठे ‘ओदिन्न’.
— मुद्रितशोधक, सात रस्ता

उत्तर : तीन नियमांत बरंचसं निभतं. रोमन लिपीतला ‘जे’ म्हणजे ‘य’: म्योल्निर (थोरचा हातोडा), योर्मुनगांद (पृथ्वीला वेढणारा साप). आडव्या रेघेचं ‘डी’सारखं अक्षर म्हणजे मऊ ‘द’: सिगुर्द, ओदिन. आणि शब्दाच्या शेवटी लटकणारा ‘र’ बहुतेकदा गाळा. तो प्रथमेचा प्रत्यय आहे, संस्कृतातल्या विसर्गाचा सख्खा चुलतभाऊ. आपण ‘रामः’चा ‘राम’ करतो तसाच ‘सिगुर्दर’चा ‘सिगुर्द’. पण ‘फाफनिर’, ‘म्योल्निर’ अशांत ‘र’ ठेवायची रूढी झाली आहे, तिथे हटवू नका. ‘थोर’ मात्र सांभाळून. ‘थोर वीर’ छापलंत की नाव कुठलं आणि विशेषण कुठलं ते कळत नाही.

प्रश्न : मी व्हायोलिन शिकतो. धबधब्यातला एक गुरू वाजवायला शिकवतो ती कथा काय आहे?
— बाळीवेस

उत्तर : तो फोसेग्रीम, नॉर्वेतला. रीत अशी: गुरुवारी संध्याकाळी, उत्तरेकडे वाहणाऱ्या धबधब्यात, तोंड फिरवून पांढरा बोकड टाकायचा. बोकड चांगला भरलेला असेल तर तो शिष्याचा उजवा हात धरतो आणि बोटांच्या टोकांतून रक्त येईपर्यंत तारांवरून मागे-पुढे फिरवत राहतो. मग झाडं नाचतील असं वाजवता येतं. बोकड बारीक निघाला तर शिष्याची मजल तारा जुळवण्यापर्यंतच जाते, वाजवणं येत नाही.

हे ज्या वाद्याबद्दल सांगतात ते हार्दांगर फिडल तुम्ही एकदा ऐकाच. वर चार तारा गजाने वाजवायच्या आणि त्यांच्याखाली चार किंवा पाच नुसत्या घुमणाऱ्या, आपल्या सारंगी-सतारीच्या तरफांसारख्या. सगळ्यात जुनं मानलं जाणारं वाद्य १६५१ सालचं आहे. खालच्या तारा वरच्यांशी तंतोतंत जुळल्या नाहीत तर वाद्य बसकं वाजतं, आणि वेगवेगळ्या सुरावटींसाठी जुळवणी बदलावी लागते. त्यामुळे बारीक बोकडवाल्या शिष्यालाही काम काही कमी नसतं.